इंग्लंडच्या खेड्यातला बस थांबा : एका रिटायर कंडक्टरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा फक्त बाकड्याचा हाय, ते पुढं येतंच.

तर झालं असं की थोरला पोरगा तिकडं नॉरिचला दवाखान्यात नोकरीला, शहरातलं भाडं झेपंना म्हणून बारा-तेरा मैलांवरच्या एका खेड्यात घर घेऊन राहिलेला. २०२४ च्या ऑगस्टमधी आम्ही नवरा-बायको गेलो ते जानेवारीत परत आलो. लोक परदेशातून आले की किल्ल्याचे, राजवाड्याचे, पुलाचे रिव्ह्यू टाकतात. मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, माझी नजर कुठंबी गेलं तरी थांब्यावरच जाती. पोरगा-सून ड्युटीला, नातू शाळेत, मग आमचं दुपारचं उठणं-बसणं त्या थांब्यावर. पाच महिन्यांत चाळीस-पन्नास वेळा तरी तिथनं गाडी धरली, म्हणजे रिव्ह्यू लिहायचा हक्क पोचतो असं मी समजतो.

एक गोष्ट अगोदर क्लिअर करतो. मी थांबा एकाच मापानं मोजतो, छप्पर-बिप्पर नंतर. उभ्या राहिलेल्या माणसाला गाडीचं किती कळतं? येणार का, कवा येणार, गेली तर न्हाई ना. बस्स. आमच्या केज-कळंब रोडच्या फाट्यावर आमदार निधीतलं शेड हाय, त्याचे पत्रे वाऱ्यानं गेले ते गेलेच, पण टपरीवाल्याला इचारलं की तो चहा गाळता गाळता सांगतो, "नवाची गेली, मागं अजून एक हाय, बसा." हे झालं माप. आता तिकडचा थांबा.

नॉरफोक म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडचा भाग, काउंटी म्हणतात, आपला जिल्हा समजा. सपाट रान, डोंगर औषधाला न्हाई. गावात शंभरेक घरं असतील. थांबा गावाच्या मधी, चर्चच्या समोर, विटांचं छोटं शेड, वर कौलं, तीन बाजूनं भिंत आणि आत एक जाड फळीचं बाकडं. भिंतीत पाटी, १९५३, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वर्षी बांधलं म्हणून. सत्तर वर्षं झाली आणि एक कौल हललेलं न्हाई, मी मुद्दाम मागून फिरून बघितलं. शेडची मालकी पॅरिश कौन्सिलची, म्हणजे ग्रामपंचायतच की, फक्त तिकडं सरपंचाचा फोटो कुठंच न्हाई. आत नोटीस बोर्डावर मीटिंगचं इतिवृत्त लावलेलं असतं. पोराकडून वाचून घेतलं तर अर्धं पान शेडच्या पन्हाळीवर, की पानगळ झाली की ती तुंबती, साफ कोण करणार, पुढच्या बैठकीत ठरवू. मला लई बरं वाटलं. म्हणलं पुढच्या बैठकीत ठरवू हे जगात सगळीकडं हाय.

आता बाकडं. त्यावर पितळेची छोटी पट्टी, कुण्या बाईच्या आठवणीत तिच्या घरच्यांनी दिलेलं, तिला इथं बसायला आवडायचं असं लिहिलेलं. तिकडं अशी बाकडी रस्त्यानं, बागेत, समुद्रावर सगळीकडं दिसतात. आपल्याकडं बाकडं दिलं की देणाऱ्याचं नाव, पद, पक्ष, सौजन्य, मार्गदर्शक, सगळं बाकड्यापेक्षा मोठं. त्या पट्टीवर देणाऱ्याचं नावच न्हाई. अर्धा स्टार हा.

वेळापत्रक मात्र एक नंबर बारकाईचं. काचेत कागद, दिवसाला पाच गाड्या, रविवारी शून्य. आणि टायमिंग बघा, सात अठ्ठावीस, दहा सत्तेचाळीस, एक दोन. मी मंडळीला म्हणलं हे सत्तेचाळीस कुणी काढलं असंल, आपल्याकडं एक तर साडेदहाची गाडी असती न्हाई तर अकराची. पण खरंच दहा पंचेचाळीस ते पन्नासच्या मधी गाडी यायची हो. नंतर कळलं की तिकडं बसवर ट्रॅफिक कमिशनर म्हणून एक अधिकारी असतो, त्याचा दंडक असा की गाडी लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी ते पाच मिनिटं उशिरा एवढ्यातच आली पाहिजे, आणि शंभरातल्या ९५ गाड्या त्यात बसल्या पाहिजेत. लवकर आली तरी गुन्हाच! हे मला लई पटलं, कारण लवकर गेलेली गाडी उशिरा आलेल्या गाडीपेक्षा वाईट, ती पॅसेंजरला दिसतच न्हाई. ड्रायव्हर लवकर पोचला तर मधल्या ठरावीक थांब्यावर इंजिन बंद करून पेपर वाचत बसतो आणि आत बसलेले म्हातारे कोतारे एक शब्द बोलत न्हाईत. आपल्याकडं बोंब झाली असती, "ओ ड्रायव्हर साहेब, झोपलात का."

पण वेळापत्रकात बारीक अक्षरं असतात, ती बघा नवीन जाणारांनी. काही वेळांच्या डोक्यावर खुणा. एका खुणेचा अर्थ शाळेच्या दिवशीच, दुसरीचा शाळेला सुट्टी असंल तेव्हाच, तिसरीचा शनिवार सोडून. ऑक्टोबरमधी तिकडं आठवडाभर शाळेला सुट्टी असती, ते आपल्याला काय माहीत, सात अठ्ठावीसला जाऊन उभे, गाडी आलीच न्हाई. चूक माझीच, खूण वाचली न्हाई. ३१ वर्षं लोकांना "बोर्ड वाचा, बोर्ड वाचा" म्हणणारा मी.

आता पहिल्या दिवसाची फजिती. खांब एकच, तो रस्त्याच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शेड न्हाई, खांब न्हाई, नुसतं गवत. मी म्हणलं थांबा इथंच, तर इथंच उभं राहू. गाडी समोरच्या बाजूनं आली आणि नॉरिचकडं निघून गेली. खेड्यात बऱ्याच ठिकाणी असंच, खांब एका अंगाला, आणि उलट दिशेला जायचं असंल तर समोर गवतात जाऊन उभं राहायचं, वेळापत्रकात फक्त "चर्चच्या समोर" एवढं लिहिलेलं. आपल्या फाट्याला तरी कुठं दोन्हीकडं खांब असतो म्हणा. मग दुसऱ्या गाडीला बरोबर गवतात उभा राहिलो, ताठ, तोंडावर हसू, आणि ती बी निघून गेली! हात करायला लागतो. नुसतं उभं राहिलं तर ड्रायव्हरला वाटतं हवा खायलाय. मंडळी म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मभर हात करणाऱ्यांना सोडून गेलात, त्याचं हे फिटलं." मी सोडून कधी गेलो न्हाई, बेल ड्रायव्हरसाठी असती, पण तिला कोण समजावणार.

गाडीत चढलो की पहिला धक्का, कंडक्टर न्हाई. सगळं ड्रायव्हरच करतो, तिकीट, सुट्टे, चौकश्या, म्हाताऱ्याला चढायला फळी टाकणं. गाड्या सगळ्या खालच्या पातळीच्या, दारात पायरीच न्हाई म्हणलं तरी चालंल, चाकाच्या खुर्चीसाठी जागा राखीव, कायद्यानंच हाय तसं. एक बाई खुर्चीत एकटी यायची, एकटी जायची, कुणी बाजूला सरका म्हणावं लागत नव्हतं. हे बघून माझा कंडक्टर न्हाई हा राग निम्मा गेला. निम्मा राहिला. कारण दोन मिनिटांचा थांबा होता तिथं सगळी लाइन ड्रायव्हरच्या खिडकीला, एकेक जण कार्ड टेकवणार, पावती येणार, दोन शब्द बोलणार. मी असतो तर पुढच्या गावापर्यंत अख्खी गाडी काटून वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरून बसलो असतो.

उतरताना मात्र सगळे "थँक्यू" म्हणतात ड्रायव्हरला. शाळेची पोरं बी. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणीतरी ओळखीचा असंल.

तिकीट दोन पौंड, कुठंबी जा. तेव्हा सरकारनं एका बाजूचं भाडं दोन पौंडाच्या वर जाऊ द्यायचं न्हाई अशी मर्यादा घातली होती, जानेवारी २०२३ पासून, आणि आम्ही निघायच्या टायमाला, २०२५ च्या जानेवारीत, ती तीन पौंड झाली. दोन पौंड म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपये, आपल्याला जड वाटतं, पण शेजारची म्हातारी म्हणाली की आधी याच्या दुपटीवर जायचं. पेन्शनच्या वयाच्या, म्हणजे तेव्हा ६६ वर्षांच्या वरच्यांना पास असतो, फुकट, पण आठवड्यात सकाळी साडेनऊ नंतरच. म्हणून त्या दहा सत्तेचाळीसला सगळी पांढऱ्या केसाची गर्दी. आपला पास तिकडं चालत न्हाई, पाहुण्याला रोख. मी त्यांना सांगितलं की आमच्या महाराष्ट्रात ७५ च्या वर फुकट, ६५ च्या वर अर्धं, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं, वय कितीबी असू द्या. त्या म्हातारीचा विश्वासच बसंना. मंडळी लगेच ताठ झाली, जसं काय तिनंच जीआर काढला.

त्या गर्दीत एक रिटायर मास्तर भेटायचे, कुत्रं घेऊन. कुत्र्याला बसमधी चढू देतात, बसतं गुमान पायापाशी, आणि तिकीट बी घेत न्हाईत त्याचं. आपल्याकडं कोंबडीचं काटायचो मी. तर त्या मास्तरांनी सांगितलं की १९८६ च्या ऑक्टोबरमधी सरकारनं लंडन सोडून बाकी सगळीकडं बसचा धंदा खुला केला. ज्या कंपनीला जो रूट परवडतो तो तिनं चालवायचा, भाडं तिनंच ठरवायचं, आणि ज्या खेड्याला कुणीच जाईना तिथली गाडी कौन्सिलनं टेंडर काढून पैसे देऊन चालवायची. मी म्हणलं म्हणजे काळी-पिवळी! गर्दीच्या रोडवर धा जीपा आणि आडवळणाला कुणी न्हाई. त्यांना काळी-पिवळी समजावून सांगताना नॉरिच आलं. आमच्या थांब्याच्या पाचातल्या दोन गाड्या कौन्सिलच्या पैशावर, म्हणून कौन्सिलला पैसे कमी पडले की पहिला घाव त्यांच्यावर, ही धास्ती तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी. या बाबतीत आपली एसटी, कशी का असंना, वाडी-तांड्याला मुक्कामी जाती. मराठवाड्यात तर निजामाच्या रेल्वे खात्यानंच १९३२ साली २७ गाड्यांवर बस चालू केलेली, म्हणजे आम्हाला धंद्याची बस ही कल्पनाच नवीन.

नावाची एक गंमत. नॉरिचच्या इंग्रजी स्पेलिंगमधी डब्ल्यू हाय, तो बोलायचा न्हाई. मी पहिल्यांदा "टू नॉर्विच" म्हणलं तर ड्रायव्हर माझ्याकडं बघतच राहिला. जवळच एक गाव हाय, स्पेलिंग वाचलं तर वायमोंडहॅम, म्हणायचं विंडम. बोर्डावर एक, तोंडात एक. म्हणलं ठीक हाय, आमच्याकडं बी बोर्डावर धाराशिव आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून उस्मानाबादच.

थांब्याच्या आजूबाजूचं थोडं सांगतो कारण गाडी चुकली की दोन तास तिथंच. लाल टेलिफोनचा डबा हाय, तो फोटोत असतो तसलाच, १९३५ सालचं डिझाइन. आत फोन न्हाई. कंपनीनं असे बिनकामाचे डबे एकेक पौंडाला गावांना देऊन टाकले. यात आता हृदय बंद पडलं तर झटका द्यायची मशीन ठेवलीय, ९९९ ला फोन लावला की पेटीचं कुलूप उघडायचा नंबर सांगतात. दुसऱ्या गावातल्या डब्यात पुस्तकं होती, न्या आणि ठेवा. चर्चचा बुरूज गोल, गारगोटीच्या दगडांचा. तसले गोल बुरूज बाकी इंग्लंडमधी फार नसतात, नॉरफोकात शंभराच्या वर. समोर पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा दगड, त्यावर एकाच आडनावाची तीन नावं. त्या दगडापाशी आम्ही दोघं जास्त बोलायचो न्हाई.

शेडच्या पलीकडं एका घराच्या फाटकाला लाकडी पेटी, त्यात अंडी, शेजारी पैशाचा डबा. माणूस न्हाई. सहा अंडी घ्या, पैसे टाका, जा. मंडळीनं एकदा सुट्टे नव्हते म्हणून जास्तीचे टाकले आणि आठवडाभर मला आठवण करून देत होती की आपले पन्नास पेन्स तिच्याकडं हायत. मी म्हणलं तिकिटाच्या मागं लिहून घ्यायचं होतं.

पण सगळ्यात मला चक्रावलं ते पायवाटेनं. शेडच्या बाजूला हिरवी पाटी, "पब्लिक फूटपाथ", आणि वाट जाती कुठनं तर एका शेतकऱ्याच्या रानाच्या बरोबर मधून. बांधावरून न्हाई, मधून! आणि त्याला अडवता येत न्हाई. नांगरलं तर चौदा दिवसांत वाट पुन्हा दिसंल अशी करून द्यायची, कायदा हाय. मी त्या वाटेवर उभा राहून आमच्या शिवरस्त्याचा इचार करत होतो, तहसीलला तारखा पडून पडून फायलीला वाळवी लागली, दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. आणि इथं कुणीबी सोमागोमा कुत्रं घेऊन गव्हातून चाललाय.

रानात सप्टेंबरपासून बीट काढणी. एक अवाढव्य मशीन आणि एक माणूस, शंभर एकर मोकळं. कडेला बीटाचे ढीग, मग ट्रॅक्टर-ट्रेलर साखर कारखान्याकडं. जवळच कॅन्टलीला कारखाना हाय, १९१२ सालचा. आमच्या बीडकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी आठवली, पाचटाच्या कोप्या, बैलगाड्या. मी ते मशीन बघून खुश बी झालो आणि न्हाई बी. पाऊस बी इचारलाच मी, नॉरिचला वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मराठवाड्याएवढाच की! फक्त तो बारा महिने थुई थुई पडतो आणि आपला चार महिन्यांत, त्यातबी मनाला आलं तर.

वाईट गोष्टी. टॉयलेट न्हाई. मला साखर हाय, मला हे माहीत पाहिजे. जवळचं म्हणजे पब, तिथं काहीतरी घ्यावं लागतं, आणि सोमवारी बंद. चहा न्हाई. पाणी न्हाई. शेडपासून आमच्या घरापर्यंत चालायला फुटपाथ न्हाई, गावात ३० मैलाची मर्यादा पण गाव संपलं की ६० मैल, म्हणजे ताशी ९६ किलोमीटर, एवढ्याशा रस्त्यावर, दोन्हीकडं उंच झुडपं. कडेला सरकावं तर खाजकुयलीची बहीण शोभंल असलं झाड, हाताला लागलं की आग. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडायला लागतो आणि शेडला दिवा न्हाई. मास्तरांनी शिकवलं, मोबाइलची टॉर्च लावून हलवायची, मग ड्रायव्हरला दिसतं. आम्ही दोघं टॉर्च हलवत उभे, जसं काय रानडुकरं हाकायला आलोय.

आणि आता एक पूर्ण स्टार का कापला ते. नोव्हेंबरात एक दिवस एक दोनची गाडी. हवा असली की डोळ्यातनं पाणी. एक दोन झाले, सव्वा झाला, दीड झाला. पोरानं सांगितलं होतं, "अप्पा, मोबाइलवर बस कुठं आली ते नकाशात दिसतं, कंपन्यांना ती माहिती द्यावीच लागती." दिसतं, खरं हाय, पण त्या शेडमधी रेंजच न्हाई. भिंत तेवढी जाड. बाहेर येऊन हात वर केला तरी एक कांडी. कुणाला इचारावं तर गाव सगळं दारं लावून आत. टपरी न्हाई, पारावर म्हातारे न्हाईत, शाळेची पोरं न्हाईत. सव्वादोनला बीटाचा ट्रॅक्टर आला, मी सवयीनं हात केला आणि तो खरंच थांबला. पोरगंच होतं. म्हणालं, बस न्हाई येणार, पुढं पाइपलाइनसाठी रस्ता खोदलाय, दोन दिवस गाडी मोठ्या रस्त्यानं जाती. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का? मग बघितलं तर पिवळा कागद होता की, प्लास्टिकमधी घालून, खांबाला, रस्त्याकडच्या अंगाला, शेडमधनं दिसणार न्हाई असा. सांगितलं होतं. लिहून सांगितलं होतं. सव्वा तास आम्ही पाठमोऱ्या कागदाची वाट बघत बसलो. मंडळी घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलली, "आपल्या फाट्यावर कुत्र्यानंबी सांगितलं असतं."

म्हणून साडेतीन. कागद बरोबर असंल तर त्या थांब्यासारखा थांबा न्हाई, घड्याळ लावून घ्या. कागद चुकला की तुम्ही आणि वारा.

परत आल्यावर मला राहवलं न्हाई. डेपोत जाऊन जुन्या दोस्ताकडून आमच्या फाट्यावरच्या सगळ्या फेऱ्या लिहून घेतल्या, फाट्यापर्यंतचं अंतर धरून मिनिटं काढली, पुठ्ठ्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून वर प्लास्टिक लावलं आणि टपरीच्या खांबाला बांधलं. टपरीवाला म्हणला, "बांधा की अण्णा, ऊन अडतंय तेवढंच." आठ दिवसांत त्याच्या निम्म्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर आलं, ते मी सरकवलं. लोक पुठ्ठ्याला टेकून उभे राहतात आणि टपरीवाल्यालाच इचारतात, "गाडी गेली का?" परवा एक आजी मात्र नातीला घेऊन आली, नातीनं बोटं लावून सगळं वाचून दाखवलं. दहा सत्तेचाळीसपाशी आजीनं थांबवलं, "सत्तेचाळीस म्हंजी कवा गं?" मग माझ्याकडं वळून, "लेकरा, पावणेअकरा लिव्ह की सरळ."

मार्कर टपरीतच होता. पावणेअकरा केलं.